मगदूम अण्णांचा धावदोरा

मगदूम अण्णा नमस्कार करत नाहीत, तुमची बाही धरतात. अंगठा आणि तर्जनीत कापड चोळतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "कापड बरं हाय. शिलाईनं घात केलाय."

आमचं कॉर्नवॉल म्हणजे कॅनडातल्या ओंटारियोच्या टोकाचं गाव. पूल ओलांडला की अमेरिका. इथल्या कापडगिरण्या कधीच बंद पडल्या. त्यांतल्या एकीत आता काँडो, म्हणजे फ्लॅट आहेत. दुसऱ्या मजल्यावर मी, तिसऱ्यावर मुलाकडे राहणारे अण्णा. इचलकरंजीत त्यांची हयात यंत्रमागांवर गेली. बायको वारल्यावर मुलाने इकडे आणलं, तेही गिरणीतच. "सुटका न्हाई बघा," म्हणत ते कॉमन रूमभर फिरतात आणि माग कुठे असतील याचा हिशेब मांडतात. त्यांच्या मते आमचा टीव्ही वाटेत आहे.

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी अध्यक्षीणबाईंचा स्कार्फ तपासला. बाई म्हणाल्या, "इट्स सिल्क."

"पॉलिस्टर," अण्णा मराठीत म्हणाले. दुर्दैवाने बाईंना ते समजलं.

गेल्या महिन्यात पलीकडे सिराक्यूजला, लेकीच्या घरी, त्यांच्या नातीचं बारसं होतं. अमेरिकेचा व्हिसा अण्णांकडे होता, मुलाकडे नव्हता, म्हणून मी गाडी काढली. पुलावर मी बजावलं, "अण्णा, कुणाच्या युनिफॉर्मला हात लावायचा नाही."

"मी काय येडा हाय काय?"

पलीकडे आम्हाला बाजूला घेतलं. अधिकारी बाईंनी बॅग उघडली. वरच एक दुपटं होतं, जुन्या लुगड्यांचं. बाळाच्या अंगाला पहिलं कापड वापरून मऊ झालेलंच लागावं, अशी आपली रीत. बाईंनी ते चाचपलं. मधोमध एक गाठोडं लागलं.

"आत काय आहे?"

"साडी," मी म्हणालो.

"आणि साडीच्या आत?"

"आणखी एक साडी."

माझं उत्तर शंभर टक्के खरं होतं, पण ऐकायला बरं नव्हतं. बाईंनी छोटी कात्री आणली आणि टोक टाक्याखाली घातलं. त्याच क्षणी अण्णांनी त्यांची बाही धरली.

"सर! हात सोडा!"

अण्णांनी सोडला. मग दुपट्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर बोट ठेवलं. "धिस साइड न्हाई, म्याडम. दॅट साइड. माय साइड." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, सांगा की त्यांना! हिकडचं आमच्या हिनं शिवलंय. लेकीला दिवस जायच्या आधीच घेतलं हुतं शिवायला. अर्धं झालं आन् दवाखान्यात गेली. उरलेलं मी केलंय. माझं काय उसवायचं ते उसवा म्हणावं."

तेव्हा मी नीट पाहिलं. अर्ध्या दुपट्यावर धावदोरा पट्टीने आखल्यासारखा होता. उरलेल्या अर्ध्यावर तो वाट चुकला होता. सगळ्या गावाची शिलाई नापास करणाऱ्या माणसाला स्वतःला सुई धरता येत नव्हती.

मी सांगितलं. बाईंनी दुपटं फिरवलं आणि अण्णांच्या बाजूचे टाके कापले. आत एका फिक्या निळ्या लुगड्याचा बोळा निघाला. नीट न पसरता शिवल्यामुळे झालेला. त्यांनी तो बोटांनी सारखा केला आणि जायला सांगितलं.

पहिल्याच पेट्रोल पंपावर अण्णांनी गाडी थांबवायला लावली. खिशातून सुईदोरा काढला. सुई मी ओवून दिली. जीभ दातांत धरून त्यांनी टाके घातले, आधीपेक्षा वाकडे.

"लेक सरळ करून घेईल, अण्णा."

"वाकडंच असू द्या. हिचा एकबी टाका तुटला न्हाई."

मग त्यांनी दुपट्याची घडी घातली. बायकोची बाजू आत, स्वतःची बाहेर.