फितूर बायोडाटा

उल्का शिरतोडेचा बायोडाटा ऐन मुलाखतीत फितूर झाला. वकिली पेशात असं अधूनमधून होतं, पण ही वेळ आपल्यावर येईल असं कुणालाच वाटत नाही. उल्कालाही वाटलं नव्हतं.

साताऱ्यात भोसेकर वकीलबाईंच्या ऑफिसात मुलाखतीच्या वेळी उमेदवाराने मागच्या बाकावर गप्प बसायचं असतं. पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देतो तो बायोडाटा, आणि उमेदवाराचं वकीलपत्र असतं कव्हर लेटरकडे. पद्धत जुनी आहे आणि तिच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त एकदा बायोडाटा फितूर म्हणून नोंदला गेला आणि नोकरी हुकली, की जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही वकिलाचं ऑफिस त्या उमेदवाराला दारात उभं करत नाही. उल्काला तर ही नोकरी हवीच होती. दोन वर्षं ती घोरपडे वकिलांकडे ज्युनियर होती, आणि तिथलं तिचं काम म्हणजे तारखा मागणं.

शपथ झाली. भोसेकरबाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "'वरिष्ठांसोबत सर्व प्रकारच्या दाव्यांत प्रभावी युक्तिवाद.' हे तुमचंच म्हणणं ना?"

"माझ्यावर छापलंय खरं," बायोडाटा म्हणाला, "पण माझं म्हणणं नाही ते. मला विचारलंय कुणी? ही तारखा मागायची. 'साहेब हायकोर्टात आहेत, तारीख मिळावी.' एवढाच काय तो युक्तिवाद."

ज्याचे समास उल्काने पोटच्या पोरासारखे जपले होते, तोच घरभेदी निघाला.

भोसेकरबाई मनाने वाईट नव्हत्या. त्या कव्हर लेटरला म्हणाल्या, "फितूर अशी नोंद करायच्या आत हवी तर तारीख देते. साक्षीदाराची समजूत काढा आणि पुढच्या महिन्यात घेऊन या."

इथे त्या कव्हर लेटरची तारीफ करावी तेवढी थोडीच. जेमतेम एक पान, अंगावर एक विशेषण जास्तीचं नाही. दुसरं एखादं असतं तर तारीख घेऊन मोकळं झालं असतं. हे शांतपणे मागे वळलं, उल्काच्या बाकापाशी आलं आणि हळू आवाजात म्हणालं, "ताई, तुमचं काय म्हणणं? मी तुमच्या शब्दाबाहेर नाही."

"तारीख मिळावी" हे शब्द उल्काच्या जिभेवर इतके बसले होते की ते आपसूकच बाहेर पडायला निघाले. तिने ओठ मिटून घेतले. तारीख घ्यायची म्हणजे महिनाभर बायोडाटाला पढवायचं आणि पुन्हा खोटंच बोलायला लावायचं. तिला स्वतःची लाज वाटली.

"तारीख नको," ती म्हणाली. "आजच चालवा. बोलू दे त्याला खरं."

कव्हर लेटरने स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची परवानगी मागितली. कायद्यात तशी सोय आहे. परवानगी मिळाली, आणि फितूर अशी नोंदही झाली. आता माघार नव्हती.

"तारीख मागायला जाताना उल्काताई फाइल वाचायच्या का?" त्याने बायोडाटाला विचारलं.

"अख्खी."

"तारीख मागायला फाइल लागते?"

"तेच म्हणतो मी! नाही लागत. पण ही म्हणायची, कोर्टाने तारीख नाही दिली तर पक्षकाराने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"असं कधी झालं?"

बायोडाटाने चुळबुळ केली. "एकदा झालं. जावळीकडच्या एका बाईंना दीर विहिरीवर पाणी भरू देत नव्हता. जज्जसाहेब म्हणाले, तारीख नाही, चालवा. मग हिनेच चालवलं. दिराला मनाई हुकूम झाला. त्या बाई दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीचं पाणी कळशीतून घेऊन आल्या हिला प्यायला."

"मग हे तुमच्यावर का नाही?"

"हुकमावर नाव पडलं घोरपडे साहेबांचं. दुसऱ्याच्या नावावरचं आपण कसं लिहायचं, म्हणे. ते गाळलं आणि माझ्या अंगावर हे 'प्रभावी' चिकटवलं. खाज सुटते हो त्याची."

कव्हर लेटर भोसेकरबाईंकडे वळलं. "फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच टाकून द्यायची नसते. विश्वास ठेवण्याजोगा भाग घेता येतो. माझ्या अशिलाने केलेला 'प्रभावी युक्तिवादा'चा दावा मी मागे घेत आहे. न केलेल्या दाव्यावर निकाल व्हावा, एवढीच विनंती."

एवढं बोलून ते खाली बसलं. कुठे थांबायचं हे भल्याभल्या वकिलांना जन्मभर उमगत नाही. हे पान आपणच लिहिलंय, यावर उल्काचा विश्वास बसेना.

भोसेकरबाईंनी बराच वेळ लिहिलं, मग पेनाला टोपण लावलं. "सोमवारपासून या," त्या उल्काला म्हणाल्या. "पहिलं काम आत्ताच सांगून ठेवते. वाईच्या कोर्टात जमिनीचा एक दावा आहे. तारीख मागायची आहे."

"फाइल मिळेल का, मॅडम?"

"तारखेसाठी?"

"हो."

भोसेकरबाईंनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि कपाटातून फाइल काढून दिली. चांगली उशीएवढी जाड होती. तोवर बायोडाटाला त्याची साक्ष वाचून दाखवून झाली होती. बरोबर असल्याची सही करून तो पिंजऱ्यातून उतरला, कव्हर लेटरच्या पाठोपाठ उल्काच्या पिशवीत शिरला, आणि फाइलला जागा व्हावी म्हणून अंग चोरून बसला.