एक गाय पोचली नाही

लग्नाच्या टेम्पोतून वऱ्हाड मोजून उतरवून घ्यावं, तसे आमचे लिंबाजीराव रोज सकाळी संगणकातून जनावरं उतरवून घेतात. चपला दाराबाहेर, चष्मा कपाळावरून नाकावर, एक बोट पडद्यापासून बरोबर चार बोटं अलीकडे. मग देवळातल्या घंटेसारख्या आवाजात, "चार हजार दोनशे अकरा निघाले. चार हजार दोनशे अकरा पोचले. रुसलेलं कुणी न्हाई." एवढं झाल्याशिवाय औंढ्याच्या आमच्या ऑफिसात चहा येत नाही. चहावाल्याची आत यायची छातीच होत नाही.

आमच्याकडे तालुक्यातल्या गाईगुरांच्या नोंदी असतात. गावोगावी मोबाईलवर भरलेली माहिती, कानातल्या बिल्ल्यांची यादी आणि लसींची यादी, अशा तीन याद्या संगणक रोज पहाटे आपोआप एकत्र करतो. त्याला आम्ही 'रन' म्हणतो. रन संपला की तपशील येतो. कधी सुरू झाला, कधी संपला, कुठल्या पायरीवर किती नोंदी वाचल्या, किती लिहिल्या, किती नाकारल्या. इतर माणसं खालची हिरवी खूण बघून तंबाखू मळायला घेतात. लिंबाजीराव पोथीसारखी ओळ न् ओळ वाचतात. "दुसरी पायरी काल चौदा सेकंदांत झाली, आज एकोणीस. काहून?" त्या पाच सेकंदांचा शोध लागेपर्यंत त्यांचा डबा उघडत नाही. एकदा मोजणी चालू असताना जिल्ह्याचे साहेब आले. लिंबाजीरावांनी वर न बघता हात दाखवला. साहेब दोन हजार सहाशे गाई पोचेपर्यंत दारात उभे राहिले आणि शेवटी त्यांनीही चपला काढल्या.

हा रोग माणसांपर्यंत पसरला होता. संध्याकाळी ऑफिसातून निघालेल्या प्रत्येकानं घरी पोचल्यावर त्यांना मिस्ड कॉल द्यायचा, हा नियम. एकदा मी विसरलो. त्यांनी कनेरगाव नाक्यावर माझ्या सासऱ्यांना फोन केला, "तुमचे जावई निघाले बराबर, पोचले न्हाईत." सासरे चार माणसं आणि दोन बॅटऱ्या घेऊन जीपनं मला शोधायला आले. मी घरी भजी खात होतो. सासऱ्यांनी ती भजीसुद्धा रागानंच खाल्ली.

गेल्या महिन्यात एका सकाळी घंटा अडकली. "चार हजार दोनशे तेरा निघाले." मग त्यांनी चष्मा पुसून परत नाकावर ठेवला. "चार हजार दोनशे बारा पोचले."

चहावाला उंबऱ्यातून माघारी गेला.

नाकारलेली गाय जवळा बाजारच्या गयाबाईंची होती. वयाच्या रकान्यात आकडा पाहिजे, तिथं आमच्या नोंदी घेणाऱ्या पांडुरंगानं म्हातारी बोलली तसंच उतरवलं होतं: 'बारकीच्या लग्नात कालवड होती.' मोबाईलनं ते निमूट घेतलं. संगणक त्यांच्या लेकीच्या, बारकीच्या लग्नाला आलेला नव्हता, त्यानं घेतलं नाही.

"अंदाजे सात टाका अन् मोकळे व्हा," मी म्हणालो. "लंपीची लस यादीवर येते. यादी आज पाचला बंद होऊन राहिली. नाव न्हाई तर लस न्हाई."

"भाऊ, तुमच्या लेकराचं वय अंदाजे टाकता का?"

गयाबाईंचा फोन बंद. लिंबाजीरावांनी मोटारसायकल काढली. ती इतकी जुनी आहे की रस्त्यातल्या म्हशी तिला वडीलधारी समजून बाजूला होतात. मी मागं बसलो.

गयाबाई अंगणात शेण भरत होत्या. गाय जर्मनच्या पातेल्यात तोंड घालून भिजवलेली सरकीची ढेप खात होती.

"माय, बारकीचं लगीन कवा झालं?"

"त्या साली हरभरा लई पिकला होता."

"पर साल कोन्तं?"

"सालाला काय करता? पाऊस बी चांगला होता."

"बरं, कालवड केवढी होती?"

"मांडवाचे डहाळे खाल्ले की हिनं. तितवर तोंड पोचत होतं."

लिंबाजीरावांनी खरोखर मांडवाची उंची विचारून घेतली आणि हातानं मापून पाहिली. बारकी पुण्यात, कामावर फोन उचलत नाही. तीन वाजले. मग ते एकदम ताठ झाले. "माय, बारकीच्या आहेरातलं भांडं हाय का घरात? नाव घातलेलं?"

"सारे तीच घेऊन गेली. एक पातेलं चेपलेलं होतं म्हणून ठेवून गेली." गयाबाईंनी हनुवटीनं गाईकडं दाखवलं. "ते काय."

मी पातेलं ओढायला वाकलो. लिंबाजीरावांनी माझी कॉलर धरली. "जेवनावरून उठवत नसतात."

म्हणून आम्ही तिघं एका गाईचं जेवण होण्याची वाट बघत बसलो. गाईला यादी पाचला बंद होते हे कुणी सांगितलेलं नव्हतं. गयाबाईंनी चहा ठेवला. "दादा, घरी कोन कोन हाय?"

"आता मीच."

"अन् मालकीण?"

"तीन वर्सं झाली." त्यांनी चहा बशीत ओतला. "तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेऊन राहिले होते. मी ऑफिसात. निघाली म्हणून फोन आला. पोचली म्हणून न्हाई आला."

गयाबाईंनी त्यांच्या बशीत अजून थोडा चहा ओतला.

गाईनं पातेलं चाटून लख्ख केलं. काठावर बारकीचं नाव, जावयाचं नाव आणि लग्नाची तारीख, सगळं कोरलेलं. लग्नाला आठ वर्षं, डहाळ्यांपर्यंत तोंड पोचणाऱ्या कालवडीचं एक. नऊ. लिंबाजीरावांनी पातेल्याचा फोटो तीन बाजूंनी काढला आणि चौथा गाईचा.

परतताना म्हशी आधीपासूनच बाजूला उभ्या होत्या. पाचला दहा कमी असताना त्यांनी चपला काढल्या, रकान्यात नऊ लिहिलं आणि रन हातानं चालू केला. पहिली पायरी. दुसरी पायरी. चौदा सेकंद. "चार हजार दोनशे तेरा निघाले. चार हजार दोनशे तेरा पोचले." चहावाला दारामागंच दबा धरून होता.

संध्याकाळी घरी पोचून मी नेहमीसारखा मिस्ड कॉल दिला. फोन खिशात ठेवता ठेवता हात थांबला. इतकी वर्षं हा माणूस चार हजार गुरं आणि आम्ही अकरा जण रोज मोजून घेतो. मी परत फोन लावला आणि वाजू दिला.

"काय झालं भाऊ? आत्ताच तर पोचलात न्हवं?"

"मी पोचलो. तुमी पोचलात का?"

पलीकडून चपला काढल्याचा आवाज आला. मग सकाळचाच सूर, पण घंटेला कुणी हात लावून धरल्यासारखा.

"एक निघाला," लिंबाजीराव म्हणाले. "एक पोचला."