जादाची सव्वासहाची फेरी

सकाळी सव्वासहाला मी चहाचा पहिला घोट घेतो, आणि नेमका तेव्हाच कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज येतो, "सर, लागली हो!"

नव्या माणसाला वाटेल, खामगावची गाडी लागली. तसं काही नसतं. आमचे शेजारी श्रावण इंगळे यांची कुत्री मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये शी करायला बसलेली असते आणि तिनं काय केलं ते मी येऊन पाहावं, अशी त्यांची इच्छा असते. इच्छा कसली, आग्रहच. "तुमी सायन्सचे," एवढं म्हटलं की त्यांच्या मते विषय संपला. मी इथे चिखलीत एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. प्रकाशाचं परावर्तन आणि आम्ल-आम्लारी यापलीकडे माझी मजल नाही. पण इंगळ्यांच्या लेखी सायन्स एकच असतं आणि त्यात सगळं येतं.

इंगळे एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. स्थानकावरच्या जाळीच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि त्या भोंग्यावरून पुकारायच्या, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की ते घरातही पुकारल्यासारखंच बोलतात. कॉलनीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही, कंट्रोलरच म्हणतात. त्यांच्या पत्नी कमलताई तीन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी प्रज्ञा पुण्याला कंपनीत आहे. घरात उरले इंगळे आणि ही कुत्री. प्रज्ञा कॉलेजात होती तेव्हा तिनं हे पिल्लू ओढणीत गुंडाळून घरी आणलं. इंगळ्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "वेळापत्रकात नाही हे. जादा हाय." तेच तिचं नाव पडलं.

जादा इतकी वर्षं इंगळे खातील ते खात होती. पोळी, वरण-भात, चहात बुडवलेलं बिस्कीट. दिवसातून तीनदा बाहेर, त्यातली एक खेप हमखास आमच्या फाटकासमोर. त्यावरून माझी आणि इंगळ्यांची दोनदा चांगलीच जुंपली होती. पुढे जादाच्या अंगाला खाज सुटली, पोटात गुरगुर सुरू झाली, आणि दिवाळीनंतर प्रज्ञानं पुण्याहून फर्मान काढलं. पोळी बंद, बिस्कीट बंद. जादाला कच्चं द्यायचं. कच्चं चिकन हाडासकट, कलेजी, अधूनमधून अंडं.

"कच्चं?" इंगळ्यांचा आवाज भिंत ओलांडून आला. "वाघ हाय काय वं ते?"

पण लेकीनं सांगितलं म्हणजे सांगितलं. कमलताई गेल्यापासून इंगळ्यांनी स्वतः मांसमच्छी सोडली होती. तरी ते रोज पिशवी घेऊन चिकनच्या दुकानात जात आणि कोंबडी कापून होईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहत. घरी येऊन वजनकाट्यावर मोजून वाटे करत. मग जादापुढे भांडं ठेवून तोंड फिरवत.

पहिले चार दिवस जादाचं पोट पार बिघडलं. इंगळ्यांनी ताबडतोब एक लांबट नोंदवही काढली आणि रकाने आखले: वेळ, ठिकाण, प्रकार, शेरा. प्रकार तीनच. पातळ झाली तर "विनाथांबा". झालीच नाही तर "रद्द". आणि चांगली, बांधून झाली तर "वेळेवर". शेऱ्याच्या रकान्यात "वास निम्म्यावर", "माशी बसली नाही" अशा नोंदी असत. माझ्या नववीच्या पोरांनी प्रयोगवही अशी लिहिली असती तर मी पेढे वाटले असते.

"नोंद पाह्यजे सर," इंगळे म्हणत. "नोंद नसली म्हनजे गाडी गेलीच नाही."

तिसऱ्या आठवड्यात फरक दिसू लागला. तीन खेपांची एक झाली. तीही एवढीशी, कोरडी, आणि वास म्हणाल तर जवळ जाऊनही येत नव्हता. या क्रांतीचा पहिला लाभ मला झाला, कारण आमचं फाटक सुटलं. मी मनातल्या मनात प्रज्ञाचे आभार मानले. पण मग एका सकाळी इंगळ्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर काहीतरी आणून आमच्या भिंतीवर ठेवलं. पांढरंफटक. बोट लावलं तर भुगा होईल असं.

"सर, हे तं तुमच्याच खात्याचं हाय," ते अतिशय गंभीरपणे म्हणाले. "खडू."

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. ती मी आत नेऊन ठेवली. परत येऊन मात्र आम्ही दोघं त्या कागदाकडे चांगली दहा मिनिटं पाहत उभे राहिलो, हे मला कबूल केलं पाहिजे. हाडं जास्त होत असावीत, असा मी अंदाज केला. संध्याकाळी प्रज्ञानंही तेच सांगितलं. तेव्हापासून कॉलनीत सायन्सचा दर्जा वाढला.

प्रज्ञाचा फोन संध्याकाळी साडेसातला येई. इंगळे फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, त्यामुळे दोन्ही बाजू मला घरबसल्या ऐकू येत. पूर्वी हा फोन फक्त रविवारी यायचा. "जेवले का पप्पा?" "हाव. तू?" "हो." "बरं मंग." "ठेवू?" "ठेव." संपलं. कमलताई होत्या तेव्हा माय-लेकी तासतास बोलत आणि इंगळ्यांच्या हातात फोन शेवटी, ठेवण्यापुरता यायचा. आता मात्र अर्धा अर्धा तास चाले. रंग कसा होता, किती वेळ बसली, पाणी किती प्याली, कलेजी किती दिली. मध्येच प्रज्ञा हसे. मध्येच इंगळे तिला दुकानातली एखादी गंमत सांगत. बाप-लेकीच्या बोलण्यात इतका जीव मी आजवर ऐकला नव्हता, आणि बोलणं सगळं कुत्रीच्या शीचं होतं.

संक्रांतीच्या सुमारास जादाचं सगळं सुरळीत झालं. रोज सव्वासहा, रोज एक, तपकिरी, घट्ट. खाज गेली, अंगावर चकाकी आली. प्रज्ञा फोनवर म्हणाली, "मग आता काळजी नाही पप्पा. आता रोज नाही कळवलं तरी चालते." इंगळे "बरं" म्हणाले. फोन दोन मिनिटांत संपला. पुढचे तीन दिवस साडेसातला भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी मी पेपर तपासत बसलो होतो आणि इंगळ्यांनीच फोन लावल्याचं ऐकू आलं. "बेटा, आज रद्द."

माझा लाल पेन थांबला. रद्द? सकाळी मला स्वतः बोलावून दाखवलेली होती! मला वाटलं, म्हातारा विसरला असेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आजबी रद्द. कुंथते बिचारी." तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी "सर, लागली हो!" आणि संध्याकाळी "बेटा, रद्द." वर पुरावा म्हणून प्लॉटमधल्या रिकाम्या जागेचा फोटो पाठवल्याचंही ते फोनवर सांगत. असे अकरा दिवस गेले. मी मास्तर माणूस, उत्तर माहीत असताना कोणी चुकीचं लिहिलं की माझं डोकं फिरतं. बाराव्या दिवशी सकाळी मी भिंतीशी गेलो आणि सरळ विचारलं.

"कंट्रोलर, आता मी काय पाहिलं?"

"वेळेवर."

"मग काल संध्याकाळी प्रज्ञाला काय सांगितलं?"

इंगळ्यांनी नोंदवही भिंतीवर ठेवली. म्हणाले, "वही पाहा सर. वहीत एकबी नोंद खोटी नाही."

"वहीत नाही. फोनवर आहे."

ते जादाकडे पाहत राहिले. ती माती उकरत होती. "ठीक हाय म्हनलं की फोन दोन मिनिटात संपते सर," ते म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. काहीतरी बरं बोलायला हवं होतं. "थंडी आहे, कानाला बांधत जा काहीतरी," एवढंच मला सुचलं.

त्याच संध्याकाळी प्रज्ञानं सांगून टाकलं की ती शनिवारी येते आणि जादाला पुण्याला घेऊन जाते. तिथे चांगला डॉक्टर आहे. जादा आता तिच्याकडेच राहील.

इंगळे फोन ठेवून सरळ आमच्या दारात आले. इतक्या वर्षांच्या शेजारात ते भिंत सोडून दारातून आल्याचं मला आठवत नाही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "जादा गेली तं घरात कोन राह्यलं सर?" ते म्हणाले. मग घाईघाईनं, "तुमी सायन्सचे. तुमी सांगा प्रज्ञाले. पुन्याची हवा गावठी कुत्रीले मानवत नाही म्हना."

"कंट्रोलर, सायन्स असं काही सांगत नाही."

"मंग कोन सांगते?"

खरं बोलला तर फोन जाणार, खोटं टिकवलं तर कुत्री जाणार. या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःला असं कोंडून घेतलं होतं आणि मला त्याच्याविषयी फार वाईट वाटलं.

शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं प्रज्ञा आली. खांद्याला एक लहानशी बॅग. चहासुद्धा न घेता ती जादाला घेऊन प्लॉटमध्ये गेली आणि भिंतीवरून मला म्हणाली, "काका, तुम्हीही या."

आम्ही तिघं उभे राहिलो. जादानं जागा हुंगली, दोन गिरक्या घेतल्या आणि ती बसली. शाळेच्या तपासणीला साहेब आले असताना वर्गात असते तशी शांतता होती. जादा उठली, मागच्या पायांनी माती उडवली आणि बाजूला झाली. झालेलं काम अगदी निर्दोष होतं. प्रज्ञानं वाकून पाहिलं. इंगळे हात मागे बांधून खाली मान घालून उभे होते.

"वेळेवर हाय," ते म्हणाले. तो पुकारणारा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे व्हावं लागलं. "कवापासून वेळेवरच हाय. मी तुले खोटं सांगून राह्यलो होतो."

"मले माहीत होतं पप्पा."

इंगळ्यांनी मान वर केली.

"अकरा दिवस रद्द असती तं कुत्री जित्ती राह्यली असती काय? अन् चार दिवस तुम्ही एकच फोटो पाठवला. तेच लिंबाचं पान, त्याच जागी."

"मंग तू रोज इचारत काऊन होती?"

प्रज्ञानं जादाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्यासंग दुसरं काय बोलावं ते मलेही समजत नव्हतं. आई असती तं तिनं आपल्या दोघांले बोलतं केलं असतं."

"अन् हिले नेयाले आली ते?"

"नेयाले नाही आली. तुम्ही ये म्हनून कधी म्हनतच नाही पप्पा. मी घरात पाय ठेवला की पयले वापसीच्या गाडीचा टाइम सांगता. मग मलेच काहीतरी कारण काढा लागलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुत्री न्यायला आलेल्या या मुलीनं साधा पट्टासुद्धा आणला नव्हता. मी तिथून निघून जायला हवं होतं. गेलो नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात वर केला असता तर दोघांनाही दिसलं असतं.

दोन दिवस त्या घरात भांडी वाजली, हसणं ऐकू आलं. रविवारी दुपारी प्रज्ञा परत निघाली. इंगळ्यांनी मलाही स्थानकावर नेलं. सीट धरून दिली, बॅग वर ठेवली, खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. ड्रायव्हर चढला. मग त्यांनी एकदम गाडीकडे पाठ फिरवली, खिशातून फोन काढला आणि लावला.

खिडकीत प्रज्ञाचा फोन वाजला. तिनं फोनकडे पाहिलं, मग बापाच्या पाठीकडे पाहिलं, आणि उचलला.

"हॅलो!" इंगळे इतक्या जोरानं म्हणाले की फलाटावरची माणसं वळली. मग ते आवाज उतरवून म्हणाले, "पुढच्या महिन्यात ये."

"काही काम आहे का पप्पा?" स्पीकरमधून तिचा आवाज आला.



"काम नाही," ते म्हणाले. "नुसती ये."