आल्हाददायक आकदोरुक

ज्या प्रांतातून तिथली माणसं संधी मिळताच निघून जातात, त्याला पर्यटनस्थळ म्हणतात. या व्याख्येनुसार तुर्कस्तानच्या पूर्वेकडचा आकदोरुक प्रांत अव्वल दर्जाचा ठरतो. इथे ऋतू दोन: हिवाळा आणि हिवाळ्याची तयारी. लोक सोशिक आहेत. (दुसरा इलाज नाही.)

या प्रांताचा परिचय प्रवाशांना एका पुस्तिकेतून करून द्यावा असं तिथल्या पर्यटन कचेरीच्या मनात आलं आणि काम आलं तहसीन होजांकडे. होजा म्हणजे गुरुजी, आणि हे होते भूगोलाचे निवृत्त मास्तर; हिमनद्या शिकवायला त्यांना वर्गाची खिडकी पुरायची. आपलं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार, म्हणून त्यांनी शेगडीजवळ बसून मन लावून लिहिलं: पारा उणे तीसपर्यंत उतरतो, बर्फ पडला की खिंड बंद होते, वीज तिच्या मनात आलं तर येते, आणि घरं शेणाच्या गोवऱ्यांवर उबदार राहतात.

मजकूर कचेरीतल्या ओर्कुन बेयने तपासला. (बेय म्हणजे आपल्याकडचे 'राव'.) हा इझमिरच्या समुद्रकाठचा तरुण अधिकारी. बदली होईपर्यंत ओव्हरकोट काढायचा नाही, असा त्याने निश्चय केला होता. वस्तुस्थितीला त्याने हात लावला नाही, फक्त भाषा सुधारली. उणे तीसचं 'आल्हाददायक' झालं. बंद खिंडीची 'जगाच्या धावपळीपासून मुक्ती' झाली. वीज जाण्याचं 'ताऱ्यांचं निर्विघ्न दर्शन' झालं. गोवऱ्या 'पारंपरिक सुगंध' म्हणून राहिल्या.

हे खोटं नाही का होत, असं होजांनी दबकत विचारलं.

"होजा," ओर्कुन बेय मफलर सारखा करत म्हणाला, "खरं ऐकायचं असतं, तर माणूस घरीच बसला असता. बायको असते की घरी."

होजांना पटलं नाही. पण मुखपृष्ठावर नाव चांगलं ठळक आलं होतं, म्हणून त्यांनी विषय तिथेच सोडला.

जानेवारीत इस्तंबूलहून जेंक आणि पेलिन हे जोडपं आलं. पायांत कापडी बूट, हातात पुस्तिका. त्याच संध्याकाळी बर्फ पडला, खिंड बंद झाली आणि हॉटेलातले नळ गोठले. (म्हणजे मुक्ती पूर्ण झाली.) बातमी चहाच्या दुकानात होजांच्या कानावर आली. पुस्तिकेवरचं नाव तिथल्या सगळ्यांनी वाचलेलं होतं. सगळ्यांनी नुसतं होजांकडे पाहिलं. होजा चहा अर्धा टाकून उठले आणि पाहुण्यांना घरी घेऊन आले.

त्यांच्या बायकोने, मुझेय्येनने, दोघांना नखशिखान्त न्याहाळलं. "चांगलाच आल्हाद झालेला दिसतोय," एवढंच म्हणाली, आणि स्वतःचे लोकरी मोजे काढून पेलिनच्या पायांत चढवले.

खिंड उघडेपर्यंत चौघं एकाच खोलीत, एकाच शेगडीभोवती राहिले. जेंक आधी गोवरी चिमटीत धरायचा. मग बिनदिक्कत काखेत मारून आणू लागला. पेलिन आधी रडली, मग मुझेय्येनशी भांडली, शेवटी तिच्याच कुशीत झोपली. दलियावर वाढलेलं पाळीव हंसाचं मांस दोघांनी बोटं चाटून खाल्लं. होजा मात्र आपला वाटा त्यांच्याच ताटांत सरकवत राहिले.

निघायच्या सकाळी ते कसेबसे म्हणाले, "पोरांनो, पुस्तिकेवर नाव माझं आहे. त्यातलं काही खरं नव्हतं. तक्रार केलीत, तर माझी ना नाही."

जेंक फोनवर काहीतरी लिहीत होता. ते त्याने होजांना वाचून दाखवलं: आकदोरुक म्हणजे स्वर्ग, हवा आल्हाददायक, आणि जायचं तर हिवाळ्यातच.

"अरे, तुझं नाक अजून निळं आहे," होजा म्हणाले.

"म्हणून तर," जेंक शांतपणे म्हणाला. "आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्यांनी गेल्या वर्षी आम्हाला असंच भर उन्हाळ्यात वाळवंटात पाठवलं होतं. आता पाळी त्यांची."

पुढच्या हिवाळ्यात हॉटेल भरलं आणि दुसरी आवृत्ती निघाली. होजांनी हट्टाने त्यात एक खरं वाक्य घातलं: इथे फार थंडी असते. वाचणाऱ्यांना तो प्रांताचा विनय वाटला.

वाचकहो, हसू नका. मागच्या सुट्टीत तुम्ही जिथे गेला होतात, तिथलं शेजाऱ्यांना काय सांगितलंत, ते जरा आठवा. ते बिचारे आज बॅगा भरताहेत.