तारीख तुमची, दोरी माझी

नाना आरोंदेकर तिसऱ्या हाकेला ओ द्यायचे. दाराची बेल असो, फोन असो की खालून कुणी मारलेली हाक, पहिल्या दोन वेळा नाना आरामखुर्चीत ढिम्म. "पहिली हाक पोलिसाची, दुसरी खबऱ्याची," असं त्यांचं शास्त्र होतं. "ज्याचं खरंच काम असतं, तो तिसरी मारतोच." गॅसवाल्याला हे शास्त्र माहीत नव्हतं. तो दोनदा बेल वाजवून भरलेला सिलिंडर परत घेऊन जायचा, आणि मग माई, म्हणजे नानांच्या मंडळी, कुकर घेऊन आमच्या ओट्याशी यायच्या.

नाना गोव्याच्या मुक्तिलढ्यातले. मूळ गाव सावंतवाडीकडे, अगदी सरहद्दीला लागून. तरुणपणी ते पोर्तुगीजांच्या राज्यात भूमिगत होते, तुरुंगातही जाऊन आले. पुढे मुंबईत नोकरी, आणि निवृत्तीनंतर मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आमच्या शेजारचा फ्लॅट. त्यांची आणि आमची भिंत एक. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला सगळी सोसायटी त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान द्यायची, आणि नानांचं त्यावर समाधान नव्हतं.

कारण त्यांचं इतर स्वातंत्र्यसैनिकांशी पटायचं नाही. पेपरात कुणाचा सत्कार छापून आला की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "खंयच्या जेलात होतो हो माणूस?" इंग्रजांच्या, असं उत्तर आलं की संपलंच. "इंग्रजांच्या? अरे, त्यांच्याकडे जेलात चहा मिळायचा! इंग्रज गेला तेव्हा सगळा देश पेढे खात होता आणि आम्ही अजून मार खात होतो. तुका काय कळतला?"

सकाळी सायकलवरून पाववाला आला की नाना खाली उतरायचे आणि एकेक पाव दाबून बघायचे. गोव्यात ते पाववाल्याच्या वेषात गावोगाव हिंडले होते, टोपलीत वर पाव आणि खाली पत्रकं. "इसके अंदर क्या है?" असं ते दरडावून विचारायचे. "चाचा, पाव के अंदर पाव ही है," असं तो बिचारा रोज सांगायचा. मग नाना माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघ, आता पावात काही उरलं नाही."

मला नानांचा हेवा वाटायचा. गुळमुळीत कशाला बोलू, माझा अगदी जळफळाट व्हायचा. माझी बायको मंदा त्यांच्यासाठी गरम घावणे करून पाठवायची आणि मला कालची पोळी फोडणीला टाकून द्यायची. माझी मुलगी शाळेत 'माझा आदर्श' या विषयावर नानांबद्दल निबंध लिहून आली. "आणि बाबा?" मी हसत विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणाविरुद्ध लढलात?" मी म्हटलं, बिल्डरविरुद्ध, पार्किंगसाठी. "पण तुम्ही हरलात ना?" एवढं बोलून ती नानांकडे कॅरम खेळायला गेली.

खरंच, माझ्या आयुष्यात होतं काय? विमा कंपनीतली नोकरी. मी भूमिगत झालो तो एकदाच, सोसायटीची जमिनीखालची टाकी धुताना आत घसरलो तेव्हा. लोक ती गोष्ट अजून सांगतात, पण निराळ्या सुरात.

माझी एक बारीकशी आशा होती. नाना जेलातली डाळ सांगायचे, वेषांतरं सांगायचे, एका पोर्तुगीज शिपायाला त्याच्याच मिश्यांवरून कसं हसवलं ते तर दर चतुर्थीला सांगायचे. पण सरहद्दीवर सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबाराबद्दल कुणी विचारलं की त्यांना एकदम पंखा लावायचा असायचा, नाहीतर औषध घ्यायचं असायचं. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, की गोळीबाराच्या वेळी म्हातारा तिथे नव्हताच. या विचाराने मला छान झोप लागायची.

आणि पंधरा ऑगस्ट. सोसायटीचा झेंडा दरवर्षी नाना लावायचे. खरं म्हणजे ते कुरकुरायचे, "ही तुमची तारीख. आमचा गोवा सुटला तो डिसेंबरात." पण दुसऱ्या कुणी खांबाकडे पाऊल टाकलं की त्यांचा हात आडवा. "तारीख तुमची, दोरी माझी," असं म्हणून ते दोरी मुठीत धरायचे. आमचे आधीचे चेअरमन शहाभाई दोनदा पुढे झाले आणि दोनदा टाळ्या वाजवून मागे आले.

त्या वर्षी शहाभाई मुलाकडे राहायला गेले आणि मी चेअरमन झालो. पाण्याचे टँकर, लिफ्ट, गळती हे सगळं गळ्यात पडलं, पण माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. दोरी माझ्या हातात, आणि मुलगी खाली उभी राहून माझ्याकडे बघतेय.

आदल्या दिवशी मी नानांकडे गेलो. "नाना, यंदा झेंडा चेअरमनने लावावा, असं कमिटीचं म्हणणं आहे." कमिटीचं असं काही म्हणणं नव्हतं. कमिटीचा वाद जिलबी की समोसा एवढ्यावरच अडला होता.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझ्या हातात दोरी?"

"हो. का, मला जमणार नाही?"

"तसं नाय रे. पण नको."

"नाना, दरवर्षी तुम्हीच का? एक दिवस दुसऱ्याला पुढे येऊ द्या ना!" माझा आवाज चढला. माई आतून बाहेर आल्या आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बरं, लाव," नाना म्हणाले. "पण मी येणार."

सकाळी मी नवा कोरा झब्बा घातला. फोटोसाठी नया नगरहून शेखभाईंना मुद्दाम बोलावलं होतं. मी खांबाशी उभा राहिलो, दोरी हातात घेतली, आणि एवढ्यात नाना आले. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर. आले ते थेट माझ्यापुढे, मला पाठ करून, गेटकडे तोंड करून उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना जरासे फाकलेले.

"नानाजी, थोडा साइड में," शेखभाई म्हणाले. "चेअरमनसाब दिख नहीं रहे."

नाना हलले नाहीत. "अहो नाना, फोटो येत नाही माझा," मी दातओठ खात कुजबुजलो. तरी हलले नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षातून एक दिवस मागितला होता, तोही या माणसाला सोडवत नव्हता.

मी दोरी ओढायला लागलो. झेंडा वर जायला लागला. तेवढ्यात गेटबाहेर एका रिक्षाच्या सायलेन्सरने फाडकन बार काढला. नाना झटक्यात मागे सरकले आणि पाठीने त्यांनी मला खांबाशी असं दाबून धरलं, की दोरी सुटता सुटता राहिली. पोरं खो-खो हसली. माझी मुलगीही हसली. कसाबसा झेंडा वर पोचला, राष्ट्रगीत झालं, आणि लोक जिलबीकडे वळले. समोसा हरला होता.

मी नानांना वॉचमनच्या बाकाकडे नेलं. मला रागापुढे काही दिसत नव्हतं. "काय हे नाना? एवढा मत्सर? म्हणजे मी मागे आणि तुम्ही पुढे?"

"मत्सर," नाना म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तेव्हा होता खरा. आमची तुकडी सरहद्दीवरून आत शिरणार होती. झेंडा मी धरणार असं मी धरून चाललो होतो. पुढाऱ्याने तो विठूला दिला. माझा जिवाभावाचा दोस्त, पण माझ्यापेक्षा बोटभर बुटका. मला एवढा राग आला, की मी जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिलो. त्याने वळून हाक मारली, ये म्हणून. मी गेलो नाही."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो.

"झेंडा ज्याच्या हातात, त्याच्यावर पहिली गोळी. सगळ्यांना ठाऊक होतं. मी मागे होतंय रे. रुसान." त्यांनी टोपीची घडी केली. "मी बाजूला असतो तर ओढला असता त्याला. निदान पुढे तरी झालो असतो. म्हणून दोरी कुणाच्या हातात द्यायला नको वाटतं. तू आज ऐकेनास, मग काय करू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी उगाच हसलो. "अहो नाना, सिल्व्हर पार्कात गोळी घालणार कोण?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. "विठूही असाच हसला होता," ते म्हणाले. "म्हणाला, निःशस्त्र माणसावर गोळी घालणार कोण?"

शेखभाईंनी काढलेला फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. त्यात मी नाही. नाना आहेत, छाती काढून उभे, आणि त्यांच्या खांद्यामागून दोरीवर आलेला एक हात दिसतो. पाहुणे विचारतात, हा हात कुणाचा? माझी मुलगी सांगते, बाबांचा.