वलंदेज मुलुखावरील उन्हाळी स्वारीची हकिकत

श्री नवलाई पावणाई प्रसन्न. समुद्रकाठी, जांभ्या कातळावर, रत्नागिरी म्हणोन जे मशहूर शहर, तेथील एका कॉलेजाच्या बी.बी.ए. खात्याने वलंदेज मुलुखावर, म्हणजे हल्ली ज्यास नेदरलँड्स म्हणतात त्यावर, उन्हाळी अभ्यासाची स्वारी योजिली, तीत काय संकटे उद्भवली, कोणी कच खाल्ली, कोणी शर्थ केली आणि अखेर फत्ते कैसी जाहली, ते यथास्थित लिहिले असे. बखरकाराने पदरचे काही घातले नाही. मसलतीचे वेळी चहा सर्वांस मिळाला आणि बखरकारास मिळाला नाही, तरी त्याचा राग लेखणीत उतरू दिला नाही, हे वाचणाराने ध्यानी घ्यावे.

खात्याच्या मुख्य प्राध्यापिका योगिनीबाईसाहेब बहुत जिद्दीच्या. त्यांचे मनी ऐसे की आपले विद्यार्थी आयात-निर्यात पुस्तकात वाचतात आणि जयगडचे बंदर कुंपणाबाहेरून पाहून माघारी येतात, तरी त्यांस एकवेळ रोटरडॅमचे बंदर खासे दाखवावे. मग त्यांणी तेथील एका कॉलेजाशी ईमेलद्वारे जाबसाल चालविला आणि तिकडील डीन पीटरसाहेब वलंदेज यांचा खलिता आला की, उन्हाळी वर्ग जूनमध्ये भरतो, खुशाल यावे, राहण्याजेवण्याची तजवीज आम्ही करू. मात्र तुकडी पुरती भरली पाहिजे, न भरल्यास बेत रद्द समजावा. बाईसाहेबांनी खलिता छातीशी धरिला आणि तैशाच प्राचार्यांचे दालनी दाखल जाहल्या.

प्राचार्य गुरुप्रसादपंत हे थोर विद्वान, शिस्तीचे कर्दनकाळ. त्यांणी चष्मा पुसला, खलिता वाचिला आणि कपाळास आठी घातली. जूनमध्ये कसला उन्हाळा? जूनमध्ये छत्र्या निघतात, कॉलेज उघडते, प्रवेशाची रांग फाटकाबाहेर जाते. वलंदेजास उन्हाळा म्हणजे काय हेच ठाऊक नसावे, उन्हाळी सुट्टी ती मे महिन्याची, ऐसा निवाडा समितीकडून मान्य करवून त्यांणी स्वहस्ते खलिता लिहिला. त्यात कृपा, औदार्य, स्नेह, मेहेरबानी आणि विश्वबंधुत्व इतके घातले की पीटरसाहेबांस नाही म्हणण्यास जागाच उरली नाही. त्यांणी बिचाऱ्यांनी आपले शिक्षक हलविले, वसतिगृह हलविले, बोटी हलविल्या आणि जूनची स्वारी मे महिन्यात आणून दिली. कॉलेजात आनंदीआनंद जाहला. फरसाण वाटले. चहाही जाहला, त्याविषयी वर लिहिलेच आहे.

मग नोटीस लागली आणि कोणीही नाव दिले नाही.

पहिल्या दिवशी पंत म्हणाले, मुले लाजतात. पुढे म्हणाले, मुलांस महत्त्वाकांक्षा नाही. अखेर योगिनीबाईसाहेबांनी वर्गात जाऊन कारण विचारिले, तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागली आणि रितेश नावाचा मागील बाकावरचा शिलेदार उभा राहून वदला, "मॅडम, मे म्हंजे आंबा ना." मे महिन्यात रत्नागिरीचा माणूस परगावी जात नाही, परगावचा रत्नागिरीस येतो. झाडावर माणूस हवा, आंबा पिकवावयाच्या अढीपाशी माणूस हवा, पेटी भरण्यास हवा. हे शेंबडे पोरही जाणते. कॉलेजाच्या समितीत बसलेल्या प्रत्येकाचे घरी कलमे होती. खुद्द पंतांनी मालगुंडच्या आपल्या बागेसाठी मे महिन्याची रजा अगोदरच टाकून ठेविली होती. इतके असोन हे कोणाचे ध्यानी आले नाही, कारण समितीत बसले की माणूस घरचे सारे विसरतो.

या फौजेत पूर्णगडाकडील वाडीची तेजस्वी पाष्टे ही शेवटल्या वर्षाची विद्यार्थिनी होती. तिजला ही स्वारी अन्नपाण्याहून प्रिय, आणि यंदा हुकली तर पुढे कॉलेजच नाही, मग स्वारी कोठली? तिचे वडील भिकाजीराव हे गावचे मानकरी, देवीपुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांचा, आवाज खाडीपलीकडे ऐकू जाई. पूर्वी त्यांस आंबा दलालास घालावा लागे आणि तो देईल त्यात समाधान मानावे लागे. मग तेजस्वीने फोनवरून पुण्यामुंबईची गिऱ्हाइके जोडिली, तेव्हापासोन बागेचा कारभार तिचे हाती. तिने स्वारीची गोष्ट काढिली तेव्हा भिकाजीरावांचे फर्मान सुटले: "आंब्याच्या दिवसांत? आनि ते फोन काय मी घेव? मना ते मेसेज वाचाय येत नाय. नाय म्हंजे नाय." बापाचे मनी आपण जावे ऐसे मुळीच नाही, इतके तेजस्वीने जाणिले आणि भांडी घासावयास गेली. त्या दिवशी भांडी फार घासली गेली.

इकडे योगिनीबाईसाहेबांनी अर्ज केला की वलंदेजास सत्य कळवून जून परत मागावा. पंतांनी तो साफ फेटाळिला. ज्या तोंडाने मे मागितला त्याच तोंडाने जून मागितल्यास कॉलेजाची अब्रू सातासमुद्रापार जाईल, सबब मौन धरावे, ऐसा हुकूम जाहला. मौन धरिले. तो पीटरसाहेबांचाच निरोप आला की नावे का येत नाहीत, पालकांशी व्हिडिओवर बोलू इच्छितो.

ठरल्या दिवशी सभागृही मोठा पडदा लाविला, पालक जमले, पडद्यावर पीटरसाहेब प्रकटले आणि दुभाषी म्हणोन तेजस्वीस उभे केले. पंत स्वागताचे भाषण उघडणार, तोच पालकांमध्ये कुजबूज जाहली की परमुलुखी जाण्याची बोलणी गाऱ्हाण्यावाचून कैसी सुरू करावी? देवीस कळविले नाही तर पुढे काही विपरीत घडावे. भिकाजीराव नारळ घेऊनच आले होते. कोकणात नारळ पुढे आला म्हणजे प्राचार्यासही बाजूस सरावे लागते. पंत सरले.

आता गाऱ्हाण्याचा रिवाज ऐसा की देवीपुढे काही झाकून ठेवता येत नाही, आणि उभ्या असलेल्या कोणासही गप्प राहता येत नाही. जो गप्प राहील तो देवीच्या विरोधात. भिकाजीरावांनी नारळ धरिला, डोळे मिटले आणि सभागृहाच्या काचा हालविल्या.

"बाय नवलाई, पावणाई, चार शिवांच्या राखणदारा, आज तुजी लेकरां सायबासमोर उभी हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अवघे गर्जले.

"सायबान जून दिलान होता. आमच्या प्रिन्शिपलनी तो परत केलानी नि मे मागितलानी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"स्वताची मालगुंडास बाग असून मे म्हंजे आंबा ह्या इसरले, म्हाराजा!"

पंतांचा चेहरा कोकमासारखा जाहला. परंतु देवीशी वैर कोण धरणार? त्यांणीही हात जोडून, इतरांमागून, बारीक आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटले आणि जे सातासमुद्रापार जाऊ नये म्हणोन मौन धरिले होते ते त्यांच्याच मुखे रुजू जाहले. गाऱ्हाण्यात मध्येच उलगडा करिता येत नाही, सबब पीटरसाहेबांस वाटले हे स्वागतगीत असावे. ते सभ्य गृहस्थ, उठोन उभे राहिले आणि पुढील प्रत्येक खेपेस सर्वांहून मोठ्याने "व्हय म्हाराजा" गर्जू लागले.

"माजी पोर हुशार हाय, म्हाराजा!" भिकाजीरावांचा आवाज किंचित उतरला. "तिला जाव दे. माज्यापायी तिची वाट आडवू नको. फकस्त आंबा उतरल्यावर जाव दे. चूक झाली ती पोटात घाल, जून व्हता तसा परत दे, नि वाटेत कोन आडवा आला तर त्याला बाजूला कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पीटरसाहेब रोटरडॅमहून गर्जले.

सभागृहात फक्त तेजस्वी गप्प होती. बाप आपणास जाऊ द्यावयास राजी आहे हे तिने आता प्रथम ऐकिले, आणि तेच तिला दुसऱ्याच्या भाषेत सांगावयाचे होते. तिने नाक पुसले आणि अक्षर न गाळता अवघे सांगितले, मालगुंडच्या बागेसुद्धा.

पंतांनी डोळे मिटले. मग साहेबांचा जबाब आला की मे महिन्यात आमच्याकडे अद्याप स्वेटर घालतात, माझे शिक्षक माझ्याशी बोलत नाहीत, आणि मे महिना हे तुमचे काही धार्मिक बंधन असेल ऐसे समजोन मी भिडेस्तव विचारिले नाही. मग त्यांणी पृच्छा केली की मी जे इतके वेळा म्हटले ते माझ्यावर बंधनकारक आहे काय? भिकाजीरावांनी निवाडा दिला, "एकदा म्हटलंत, झाला." साहेबांनी जून परत दिला. पंतांनी तेथल्या तेथे जूनची हजेरी माफ केल्याचा हुकूम काढिला, कारण नारळ अद्याप भिकाजीरावांचे हाती होता. तुकडी त्याच बैठकीत भरली. त्या दिवशी बखरकारास चहा मिळाला, परंतु गार.

मग मे महिना उलटला, आंबा उतरला, शेवटल्या पेट्या गेल्या आणि कूच करण्याचा दिवस उजाडला. कॉलेजच्या फाटकाशी बस उभी होती. भिकाजीरावांनी नारळ धरिला, "बाय नवलाई" इतके म्हणाले आणि पुढील शब्द आठवेनात. ज्यांचा आवाज खाडीपलीकडे जाई ते नुसते उभे राहिले. मग तेजस्वी पुढे आली, तिने बापाच्या हाताखाली हात धरिला आणि म्हणाली, "बाय नवलाई, माजे बाबा घरी एकटे हायत. त्यांना बघ, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सर्व म्हणाले. पंतांचा आवाज या खेपेस स्पष्ट होता.

भिकाजीराव घरी परतले तो तेजस्वीने घरी ठेविलेला गिऱ्हाइकांचा फोन वाजू लागला. तो त्यांणी आजवर कधी घेतला नव्हता. पुण्याच्या कोणी बाई विचारीत होत्या, आंबा आहे काय? भिकाजीरावांनी कळविले की आंबा संपला. बाई म्हणाल्या, बरे, तेजस्वी आहे काय? तेव्हा भिकाजीराव पडवीत बसले, पाय पसरले आणि पोर कोठे गेली, कैसी गेली, कोणत्या विमानाने गेली ते सांगू लागले, आणि बाईंचे घरी कुकरच्या शिट्या होऊन गेल्या तरी फोन ठेवीनात.

येणेप्रमाणे जून महिना, जो आरंभी न मागता मिळाला होता, तो बहुत शर्थीने पुन्हा हस्तगत केला. स्वारी फत्ते जाहली. हे खरे, देवीसमोर म्हटलेले, म्हणोन लिहून ठेविले.