लेकराच्या मापाची नोकरी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळण्यात माझा फायदा होता. आमच्या सोनईत सगळे समजतात की सुनेला शाळेच्या व्हॅनच्या स्टिअरिंगवर मी बसवलं. चर्चमध्ये त्याबद्दल माझा सत्कारही झाला. हे साफ खोटं आहे आणि ते माझ्या सुनेनंच पसरवलेलं आहे.

एस्तेर माझी सून. माहेर मिरजगाव, शिक्षण बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. तिला एक खोड होती. नोकरी करणारी कोणतीही बाई दिसली की ती थेट विचारायची, "ताई, तुमचं लेकरू आत्ता कुठं हाय?" नमस्कार नाही, ओळख नाही. बँकेतल्या कॅशियरबाईंना विचारलं, त्यांची मोजणी चुकली. डॉक्टरीणबाई माझ्या छातीला नळी लावून उभ्या होत्या, त्यांना विचारलं. त्या माझे ठोके सोडून सासूबद्दल बोलत बसल्या. एकदा हेल्मेट नाही म्हणून एका पोलीसबाईंनी तिची स्कूटर अडवली. एस्तेरनं तोच प्रश्न टाकला. थोड्या वेळानं पोलीसबाई डोळे पुसत होत्या, एस्तेर त्यांना पाणी पाजत होती आणि बिनहेल्मेटवाले खुशाल मागून निघून चालले होते.

घरी आली की निकाल द्यायची. "डॉक्टरकी भारी हाय, मामा, पण लेकराच्या मापाची न्हाई." जणू नोकरी म्हणजे झबलं, ग्रेसच्या अंगाला लावून बघायचं. ग्रेस माझी नात, तेव्हा नुकती बोलायला लागलेली.

पहिल्यांदा तिनं विम्याची एजन्सी घेतली. पोरीला कडेवर घेऊन हिंडता येतं, हा विचार. पण पोरगी आईचं बोलणं कान देऊन ऐकायची. एका बागायतदाराच्या ओट्यावर चहा आला आणि ग्रेसनं त्यांच्या मिशीला हात लावून विचारलं, "बाबा, तुमी कधी मरनार?" एजन्सी त्याच संध्याकाळी बंद झाली. मग ब्यूटी पार्लर. तिथं डोळे मिटून पडलेल्या एका नवरीच्या डाव्या भुवईवर ग्रेसनं स्वतःच काम सुरू केलं. लग्न झालं, पण फोटो सगळे उजव्या बाजूनं काढावे लागले.

गाव हसलं. मीही हसलो. आणि हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं.

कारण त्याआधी एस्तेरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. उसाचा रस तपासायचं काम, अगदी तिच्या विषयातलं. पण शिफ्ट ड्युटी. माझा मुलगा विजय चाकणला कंपनीत, शनिवारी घरी यायचा. माझी बायको आदल्या वर्षी गेलेली. घरात रिकामा माणूस एकच, निवृत्त हेडमास्तर. एस्तेर दारात उभी राहून म्हणाली, "मामा, मी येईस्तोवर ग्रेसकडं बघाल का?"

पेपर खाली न घेता मी म्हणालो, "मी हेडमास्तर होतो, एस्तेर. आया नव्हतो."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही.

ग्रेस बालवाडीत जाऊ लागली आणि शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना मोतीबिंदू झाला. एस्तेर धावत घरी आली. "मामा, सापडली! शाळेला सुट्टी तर मला सुट्टी. पोरगी माझ्याच मागच्या सीटवर. मापात बसली बघा!"

"बी.एस्सी. झालेली सून व्हॅन चालवणार?"

"बी.एस्सी.वाल्यांनाबी क्लच दाबता येतो, मामा."

मी नातेवाइकांना सांगितलं, सून वाहतूक व्यवसायात आहे. व्हॅन घरावरून गेली की ती हॉर्न द्यायची. मी पेपर वर करायचो. तिचा कारभार मात्र मोठा होता. "डब्यात भजी दिसली तर पोरगं बसवनार न्हाई," असा तिनं सगळ्या आयांना दम दिला होता. उलटी येणाऱ्याला पुढची सीट. रडणाऱ्याला हॉर्न वाजवायची परवानगी. त्यामुळे पोरं आळीपाळीनं रडायची आणि व्हॅन यायच्या आधी गावाला तिचा आवाज पोचायचा. ज्या बायांना पूर्वी प्रश्न विचारून रडवलं होतं, त्यांचीच लेकरं आता तिच्याकडे होती.

महिला दिनाला पाळकसाहेबांनी तिचा सत्कार ठेवला. माईक हातात आल्यावर ती म्हणाली, "आमच्या मामांनी धीर दिला. म्हनले, जा पोरी, घरात मी हाय." मंडळीनं टाळ्या वाजवल्या. शाल माझ्या खांद्यावर पडली. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. परत येताना मी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू?" ती म्हणाली आणि गिअर बदलला.

माफी मागायची, असं मी ठरवलं. घरी जमेना, ग्रेस मध्येच यायची. म्हणून एका दुपारी शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसून शाळेत गेलो. व्हॅन तिथं नव्हती. शिपाई म्हणाला, "वैनी व्हय? दुपारच्याला कारखान्याच्या गेटावर असत्यात. रोजच."

गेटासमोर रस्त्याकडेला व्हॅन उभी होती. एस्तेर मांडीवर डबा घेऊन एकटीच जेवत होती. शिफ्ट सुटली होती. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या दोन पोरी गेटातून हसत बाहेर आल्या. त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत तिनं घास उचलला नाही. मग मी दिसलो आणि ती दचकली.

"मामा! तुमी हितं? मी आपली जेवाय थांबते. सावली बरी हाय हितं."

त्या गेटासमोर एकही झाड नाही. व्हॅनचा पत्रा इतका तापला होता की दाराला हात लावला तो मी मागे घेतला. तिनं शेजारच्या सीटवरची दप्तरं मागे टाकली, डबा माझ्यापुढे धरला. दोन शब्द वाटेत पाठ करून आलो होतो. ते अजूनही माझ्याजवळच आहेत. मी तिच्या डब्यातली भाकरी मोडली आणि म्हणालो, "हो, सावली बरी आहे."